नोट्समध्ये ‘रिव्ह्यू रिक्वायर्ड’, हातात मुलाखतीचं पत्र: कॅनडाची फाइल कशी वाचायची

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून आलेला प्रश्न थोडक्यात असा. नवरा कॅनडाचा पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, ब्रॅम्प्टनला राहतो. रजिस्टर लग्न ४ डिसेंबर २०२३ ला झालं, मांडवातलं १४ फेब्रुवारी २०२४ ला. नवऱ्याने स्पॉन्सरशिपचा अर्ज भरला. बरेच महिने हालचाल नाही म्हणून जीसीएमएस नोट्स मागवल्या. चाळीसेक पानं आली. त्यात ‘एलिजिबिलिटी: रिव्ह्यू रिक्वायर्ड’ आहे आणि मध्येमध्ये मजकूर झाकलेला आहे. आता मुलाखतीचं पत्र आलंय. एजंट म्हणतो, उत्तरं लिहून देतो, पाठ करा. नकार ठरलाय का? तयारी काय करायची?

नकार ठरलेला नाही. मुलाखतीला बोलावलं याचा अर्थ एवढाच, की तुमच्या फाइलमधली एखादी गोष्ट कागदावर जुळत नाही आणि निर्णय देण्याआधी अधिकाऱ्याला ती तुमच्या तोंडून ऐकायची आहे. आणि पाठांतर अजिबात करू नका. का, ते पुढे येईलच.

आधी नोट्स म्हणजे काय ते. जीसीएमएस ही कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची, म्हणजे आयआरसीसीची, संगणकीय नोंदवही. तुमचा अर्ज कुणी उघडला, काय तपासलं, कुठली पत्रं पाठवली, अधिकाऱ्याला काय वाटलं, हे सगळं तारखेसह तिथे पडत जातं. तुम्हाला मिळालेली पानं म्हणजे त्या वहीचा एका दिवशी काढलेला फोटो. फोटो काढला त्या दिवशी जी स्थिती होती तीच छापून येते, तुमच्या हातात पडली त्या दिवसाची नव्हे. नोट्स देण्याची कायदेशीर मुदत ३० दिवसांची, ती वाढवूनही घेता येते. म्हणून आधी छपाईची तारीख आणि मुलाखतीच्या पत्राची तारीख शेजारी ठेवून बघा. पत्र नंतरचं असेल तर ज्या शंकेमुळे बोलावलंय ती या चाळीस पानांत कदाचित आलेलीच नसेल. आता नव्याने नोट्स मागवल्या तरी मुलाखतीआधी त्या हातात येतील असं धरून चालू नका. आहे त्या पानांवर आणि स्वतःच्या अर्जावर काम करावं लागेल.

मागवण्याचं गणित लोक उगाच अवघड करून ठेवतात. ॲक्सेस टू इन्फर्मेशन कायद्याखाली विनंती केली तर ५ कॅनेडियन डॉलर लागतात. प्रायव्हसी कायद्याखाली स्वतःची माहिती मागितली तर काहीच लागत नाही. १३ जुलै २०२२ पासून कॅनडाबाहेरच्या परदेशी माणसालाही हा दुसरा रस्ता खुला आहे, त्यामुळे कोल्हापुरात बसून तुम्ही स्वतः विनंती करू शकता. यूसीआय नंबर (आयआरसीसीने तुम्हाला दिलेला ओळख क्रमांक), अर्ज क्रमांक आणि जन्मतारीख बिनचूक द्या. फॅमिली क्लासचा, म्हणजे कुटुंबीय म्हणून जाणाऱ्यांच्या वर्गाचा, अर्ज क्रमांक एफ अक्षराने सुरू होतो. तुमच्या वतीने दुसरं कुणी मागवत असेल तर आयएमएम ५७४४ या संमतीपत्रावर तुमची सही लागते. नवरा-बायकोच्या फाइलीत इथेच एक गोची होते. एकाचीच संमती असली की दुसऱ्याची माहिती झाकून येते. मुद्दा नेमका स्पॉन्सरच्या बाजूचा असला तर हातात पांढरा चौकोन. दोघांचीही संमती जोडलेली बरी.

झाकलेल्या जागांशेजारी कलमाचा आकडा असतो, तो वाचा. प्रायव्हसी कायद्याचं कलम २६ किंवा ॲक्सेस कायद्याचं १९(१) असेल तर दुसऱ्या व्यक्तीची माहिती झाकली आहे, एवढंच. प्रायव्हसीचं २१ किंवा ॲक्सेसचं १५(१) आंतरराष्ट्रीय संबंध आणि संरक्षणाशी संबंधित. प्रायव्हसीचं २२ आणि ॲक्सेसचं १६(१) तपास व कायदा अंमलबजावणीशी. हे आकडे दिसले म्हणजे तुमच्यावर संशय आहे असं नाही. सुरक्षा तपासणी हा नेहमीचा टप्पा आहे आणि त्याच्या नोंदी सहसा झाकूनच देतात.

आता त्या शब्दाकडे येऊ. एलिजिबिलिटी, क्रिमिनॅलिटी, सिक्युरिटी, मेडिकल या चार रकान्यांत प्रत्येकी एक शब्द असतो. ‘नॉट स्टार्टेड’ म्हणजे कुणी हात लावलेला नाही. ‘इन प्रोग्रेस’ म्हणजे चालू आहे. ‘रेकमेंडेड पास्ड’ म्हणजे खालच्या टेबलावरच्या माणसाच्या मते ठीक आहे, वरच्याची सही बाकी आहे. ‘पास्ड’ झालेलं मात्र कायमचं झालं असं समजू नका, नवी माहिती आली तर ते पुन्हा उघडतं. ‘रिव्ह्यू रिक्वायर्ड’चा अर्थ एवढाच, की पहिल्या चाळणीत हे सरळ पुढे सरकलं नाही, अधिकाऱ्याने स्वतः बघावं. तो निकाल नाही. मुलाखती होतात त्या बहुतेक याच शेऱ्यानंतर, हेही खरं.

‘बीएफ’ आणि पुढे तारीख दिसली तर ती त्यांची स्वतःची आठवण आहे, त्या दिवशी फाइल पुन्हा काढायची. तुमच्यासाठी ती मुदत नव्हे, आणि त्या दिवशी निर्णय येईल असंही नाही. ‘पीए’ म्हणजे तुम्ही, मुख्य अर्जदार. ‘एसपीआर’ म्हणजे नवरा. ‘डीओएम’ लग्नाची तारीख. ‘पीएफएल’ म्हणजे शंका कळवून उत्तर मागणारं पत्र, ‘पीपीआर’ म्हणजे पासपोर्ट मागवणं. ‘ए’ आणि आकडा आला तर तो इमिग्रेशन कायद्याचं कलम, ‘आर’ आणि आकडा आला तर नियमावलीतला नियम. तुमच्या पानांत ‘आर४’, म्हणजे लग्नाच्या खरेपणाबद्दलचा नियम, शोधा. बहुधा सापडेल.

अशा फाइलीत अधिकाऱ्याची नोंद कशी दिसते त्याचा एक नमुना घेऊ. शब्द माझे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील, पण बाज हाच असतो.

‘ॲप रिव्ह्यूड. मेट थ्रू फॅमिली, इंट्रोड्यूस्ड बाय अंकल. डीओएम पर सर्ट २०२३/१२/०४. पर कार्ड अँड फोटोज २०२४/०२/१४. आयएमएम ५५३२ स्टेट्स वन सेरेमनी. एसपीआर ट्रिप्स टू इंडिया: टू, टोटल ३३ डेज. पीए ॲड्रेस आफ्टर मॅरेज: पेरेंट्स. कन्सर्न्स रिगार्डिंग आर४. रेफर फॉर इंटरव्ह्यू. बीएफ ६० डेज.’

एवढ्या चार ओळींत तुमची सगळी प्रश्नपत्रिका आहे. लग्नाच्या तारखा दोन. समारंभ एक की दोन. काका कोण. एकत्र किती दिवस काढले. लग्नानंतर सासरी न राहता माहेरी का. मुलाखत याच्या बाहेर जाईल, पण फिरून इथेच येईल. तुमच्या पानांतली अशी नोंद शोधा आणि तिची वाक्यं एकेक करून वहीत उतरवा. प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा: आपण अर्जात काय लिहिलं होतं, आणि खरं काय आहे. जिथे हे दोन वेगळे निघतील तिथेच काम आहे.

तारखांपासून सुरुवात करू, कारण कोल्हापूर-सांगलीकडच्या फाइलींत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आपण ‘रजिस्टर लग्न’ म्हणतो त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. एक, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर झालेलं लग्न. त्याला ३० दिवसांची नोटीस असते आणि लग्न तिथेच, त्या दिवशी लागतं. दुसरं, देवळात किंवा घरी चार माणसांत लागलेल्या लग्नाची १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखाली महानगरपालिकेत केलेली नोंद. या दुसऱ्या प्रकारच्या प्रमाणपत्रावर विवाहाची तारीख वेगळी आणि नोंदणीची वेगळी असू शकते. मांडवातलं लग्न धरलं की तिसरी. आता अधिकाऱ्याने विचारलं, ‘लग्न कधी झालं?’ तर तुम्ही सहज १४ फेब्रुवारी म्हणाल, कारण घरात लग्नाचा वाढदिवस तोच असतो. नवरा फॉर्म भरताना ४ डिसेंबर लिहून बसलेला असतो. खोटं कुणीच बोललं नाही आणि नोटमध्ये मात्र ‘इनकन्सिस्टंट’ पडतं.

यावर उपाय म्हणजे एका तारखेवर ‘एकमत करणं’ नव्हे. उत्तरातच दोन्ही आल्या पाहिजेत: कायदेशीर लग्न अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक कायद्याखाली, धार्मिक विधी अमुक तारखेला, अमुक कार्यालयात. आणि आधी का केलं त्याचं खरं कारण. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव चढवायचं होतं, सुट्टी मिळत नव्हती, मुहूर्त लांबचा निघाला, जे असेल ते. अर्जातल्या आयएमएम ५५३२ या नात्याच्या माहितीच्या फॉर्ममध्ये एकच समारंभ लिहिला गेला असेल तर मुलाखतीची वाट बघू नका. आयआरसीसीच्या संकेतस्थळावरच्या वेबफॉर्ममधून एका पानाचं दुरुस्तीपत्र पाठवा, सोबत दोन्हीचे पुरावे. आपण होऊन सांगितलेली चूक आणि त्यांनी पकडलेली चूक यांचं वजन फार वेगळं.

इथे थांबून एक तारीख तपासा, जी प्रश्नात नाही: नवऱ्याचं पीआर म्हणून लँडिंग कधी झालं, म्हणजे तो पीआर कधी झाला? ४ डिसेंबर २०२३ च्या आधी झालं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. पण ते रजिस्टर लग्नानंतर झालं असेल आणि लँडिंगच्या वेळी त्याने स्वतःला अविवाहित सांगितलं असेल, तर विषय आर४ चा राहत नाही. नियम ११७(९)(डी) लागतो. पीआर होताना जी बायको जाहीर केली नाही, तिची तपासणी झाली नाही, ती फॅमिली क्लासमध्ये बसतच नाही. ‘खरं लग्न तर नंतर झालं’ हे तिथे चालत नाही. कायद्याने लग्न झालं तो दिवस धरतात. नवऱ्याच्या स्वतःच्या पीआरवरही चुकीची माहिती दिल्याचा मुद्दा येऊ शकतो. असं असेल तर मुलाखतीला जाण्याआधी कॅनडातल्या परवानाधारक वकिलाशी बोला. मानवतेच्या कारणांवर सूट मागण्याचा रस्ता असतो, पण तो मुलाखतीच्या खुर्चीत बसून सापडत नाही.

आता आर४ मध्ये नेमकं काय आहे, कारण त्यावर उत्तरांची दिशा ठरते. हा नियम दोन प्रश्न विचारतो. नातं खरं आहे का? आणि लग्न मुख्यतः इमिग्रेशनच्या फायद्यासाठी केलं होतं का? २०१० च्या दुरुस्तीपासून या दोहोंमध्ये ‘किंवा’ आहे. म्हणजे एकात जरी नापास झालात तरी नकार. पहिला प्रश्न आजचा आहे: आज तुम्ही नवरा-बायको म्हणून नांदताय का, बोलणं, पैसा, जबाबदारी, पुढचे बेत. दुसरा प्रश्न लग्नाच्या दिवसाचा आहे: तेव्हा हे का ठरलं. बहुतेक जोडपी पहिल्याचे ढीगभर पुरावे देतात, रोजचे कॉल, फोटो, आणि दुसऱ्याचा एकही कागद देत नाहीत. स्थळ कुणी आणलं, आधी किती स्थळं बघितली, पत्रिका बघितली का, बघायचा कार्यक्रम कुठे झाला, देण्याघेण्याचं काय ठरलं, यादी कधी झाली, हे सगळं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आणि इथेच आपल्याकडची रीत समजावून सांगावी लागते. ‘यादी पे शादी’ कोल्हापूर भागात कुणाला नवं नाही. यादीला बसले आणि खर्च वाचवायला त्याच दिवशी लग्न उरकलं. परदेशी अधिकाऱ्याच्या नजरेत ते घाईचं, लपूनछपून केलेलं लग्न दिसतं. तुमच्याकडे तसं झालं असेल तर एका वाक्यात सांगा की ही इकडची मान्य पद्धत आहे, आणि घरात त्याच पद्धतीने झालेल्या आणखी एखाद्या लग्नाचा दाखला द्या. फोटोत माणसं कमी का याचंही उत्तर मग आपोआप मिळतं.

नात्यांचे शब्द हा दुसरा सापळा. आपण चुलतभावाला ‘भाऊ’ म्हणतो, मावसभावालाही भाऊच. ‘भाऊ किती?’ म्हटल्यावर ‘तिघे’ असं तोंडून निघतं. ५४०६ या कुटुंबाच्या फॉर्ममध्ये तुम्ही एकच सख्खा भाऊ लिहिलेला असतो. नोट पडते: अर्जदाराने तीन भाऊ सांगितले, फॉर्ममध्ये एक. तसंच स्थळ आणणाऱ्या ‘मामां’चं. ते आईचे सख्खे भाऊ, चुलत भाऊ, की गल्लीतले सगळ्यांचेच मामा? तुमच्या फॉर्ममध्ये ‘अंकल’, नवऱ्याच्या तोंडी ‘फॅमिली फ्रेंड’, माणूस एकच. म्हणून नात्याचा शब्द आला की सख्खं-चुलत स्पष्ट सांगायची सवय आतापासून लावा: ‘आईचे चुलतभाऊ, आम्ही त्यांना मामा म्हणतो.’

नावांचंही तसंच. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर माहेरचं पाटील, आधारवर सासरचं जाधव, प्रमाणपत्रावर दोन्ही. काही घरांत लग्नात मुलीचं नावच बदलतात. नाव बदलून राजपत्रात छापून आणलं असेल तर ती प्रत न्या. नुसतं घरात हाक मारण्यापुरतं बदललं असेल तर तसं सांगा, कागदावर उगाच नवं नाव चढवू नका.

लग्नपत्रिका मात्र नीट बघा. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि भाषांतर करणारा प्रमाणित भाषांतरकार नसेल तर त्याचं शपथपत्र लागतं. घरच्या माणसाने केलेलं चालत नाही. पण कुणाकडूनही करून घेतलेल्या भाषांतरात काय होतं बघा. ‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ हे नावाचा भाग समजून उतरवलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे ‘कै.’ गाळलेलं असतं. पत्रिकेत आजोबा ‘कै.’, भाषांतरात ते निमंत्रक म्हणून हयात, आणि फॉर्ममध्ये मृत्यूचं वर्ष. ‘माघ शुद्ध पंचमी, शके १९४५’ याचं १४ फेब्रुवारी २०२४ झालंय ना, की १९४५ हे साल म्हणूनच छापलंय, तेही बघा. हसू नका, होतं असं. चुकलं असेल तर नवं भाषांतर करून मुलाखतीला सोबत ठेवा.

राहण्याचा पत्ता. लग्नानंतर तुम्ही माहेरी राहत असाल तर ते लपवायची गरज नाही. नवरा इथे नाही, नोकरी शाहूपुरीत आहे, सासर शिरोळला आहे, ही कारणं साधी आणि खरी आहेत. पण सासरशी येणं-जाणं दिसलं पाहिजे: सणाला गेलात, सासऱ्यांच्या ऑपरेशनला होतात, नणंदेच्या डोहाळजेवणाचा फोटो. असले फोटो लग्नाच्या अल्बमपेक्षा जास्त बोलतात. त्या फोटोंमागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि कोण कोण आहे ते लिहा.

पुराव्याच्या ढिगाबद्दल एक सांगतो. जोडीदाराच्या अर्जाच्या यादीत फोटोंची कमाल मर्यादा २० आणि संपर्काच्या पुराव्याची १० पानं अशी दिलेली आहे. लोक चारशे पानांचं व्हॉट्सॲप पीडीएफ करून पाठवतात, त्यातली साडेतीनशे ‘गुड मॉर्निंग’ आणि गुलाबाची फुलं. मुलाखतीसाठी फाइल करताना ओळखीपासून आजपर्यंतच्या वेगवेगळ्या महिन्यांतली मोजकी पानं निवडा, ज्यांत खरं काहीतरी चाललंय: भांडण, पैशाचं, आजारपण, घर शोधणं. नवऱ्याने पाठवलेल्या पैशांचे बँक उतारे, विमान तिकिटं, दोन्ही फेऱ्यांचे पासपोर्टवरचे शिक्के, एकमेकांचं नाव नॉमिनी म्हणून लावलेला विमा. ३३ दिवसांतले किती दिवस एका छताखाली होतात ते मोजून ठेवा. आणि मूळ कागद न्या: पासपोर्ट, जुने पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र. पत्रात जे मागितलंय ते सगळ्यात वर.

पीसीसी (पोलिसांचा दाखला) आणि मेडिकलच्या तारखाही एकदा बघून ठेवा. मेडिकल १२ महिने चालतं. फाइल रेंगाळली असेल तर ते संपलेलं असू शकतं. मग नवं मागतील, त्यात भिण्यासारखं काही नाही.

मुलाखतीच्या दिवशीचं. पत्रात ठिकाण, वेळ आणि माध्यम काय लिहिलंय ते दोनदा वाचा. प्रत्यक्ष, फोनवर की व्हिडिओवर. त्या तारखेला खरंच अडचण असेल तर लगेच, पुराव्यासह, बदलून मागा. न जाणं सगळ्यात वाईट: अधिकाऱ्याने बोलावल्यावर हजर राहणं हे कायद्याच्या कलम १६ खालचं कर्तव्य आहे आणि तेवढ्यावर नकार येऊ शकतो. पत्रव्यवहार एजंटच्या ईमेलवर जात असेल तर आजच तपासा, कुठलं पत्र कुठल्या तारखेला गेलं ते नोट्सच्या पत्रव्यवहाराच्या भागात दिसतं.

भाषेबद्दल आधीच कळवा. मराठी दुभाषा हवा असेल तर मागा, ‘हिंदी चालेल’ म्हणून भिडेखातर गप्प बसू नका. सुरुवातीला अधिकारी विचारतो की दुभाष्याचं बोलणं समजतं का, आणि तुमचं ‘हो’ नोंदवतो. त्यानंतर नकार आल्यावर ‘मला कळलंच नाही’ म्हणणं फार अवघड जातं. त्यामुळे मध्ये कुठेही अडलं तर तिथल्या तिथे सांगा, तेही नोंदलं जातं. फोनवर असेल तर खोलीत तुम्ही एकट्याच असा. मागून सासूबाई किंवा भाऊ उत्तर सुचवतोय हे ऐकू जातं आणि नोटमध्ये पडतं. पासपोर्ट हाताशी, फोन चार्ज केलेला, वीज जाईल या हिशोबाने मोबाइल डेटा तयार.

आता पाठांतराचं. अधिकारी प्रश्न-उत्तर असं जवळजवळ जसंच्या तसं टाइप करत जातो. दोघांची उत्तरं शब्दाला शब्द जुळली की ते खरेपणाचं लक्षण वाटत नाही, शिकवणीचं वाटतं. शिवाय पाठ केलेलं उत्तर पुढच्या प्रश्नाला मोडतं. ‘नवऱ्याची कामाची शिफ्ट काय?’ हे पाठ असतं. ‘काल त्याच्याशी बोललात तेव्हा तो कुठून बोलत होता?’ हे नसतं. जे माहीत नाही त्याला ‘माहीत नाही’, जे आठवत नाही त्याला ‘नक्की आठवत नाही, पण दिवाळीच्या आसपास’ असं उत्तर पूर्ण चालतं. अंदाजाने आकडा फेकणं हे सगळ्यात महाग पडतं. नवऱ्याचा पगार माहीत नसेल तर का माहीत नाही ते सांगा. आपल्याकडे कितीतरी घरांत नसतो. विचारलं तेवढंच बोला, पण ‘हो-नाही’वर थांबू नका. एक वाक्य कारणाचं.

मुलाखतीच्या शेवटी बहुधा अधिकारी म्हणेल, ‘माझ्या अशा अशा शंका आहेत, तुम्हाला काही सांगायचंय?’ संपूर्ण मुलाखतीतला सगळ्यात मोलाचा क्षण हा. लोक इथे थकून ‘नाही सर’ म्हणतात. शंका कानावर पडली की एकेक घ्या, कागद दाखवा, तो तुमच्याजवळ नसेल तर पाठवायला थोडे दिवस मागा. बाहेर आल्यावर अर्ध्या तासात सगळे प्रश्न आणि तुमची उत्तरं तारीख घालून लिहून काढा. पुढे नकार आलाच तर त्यांच्या नोटशी ताडायला हेच लागतं.

नकार आल्यास मुदती लक्षात ठेवा. स्पॉन्सरशिपचा नकार असेल तर नवऱ्याला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे ३० दिवसांत अपील करता येतं, आणि तिथे नवा पुरावाही चालतो. खोटी माहिती दिल्याचं कलम ४० लागलं तर ५ वर्षं दार बंद होतं. म्हणून मुलाखतीत नवी गोष्ट रचणं हा मूळ शंकेपेक्षा मोठा धोका आहे.

हेच पत्र विद्यार्थी किंवा व्हिजिटर व्हिसाच्या संदर्भात वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथे मुलाखत क्वचित होते, थेट नकार येतो, आणि नोटमध्ये आर२१६ किंवा आर१७९ दिसतो: मुदत संपल्यावर परत जाईल याची खात्री नाही. जुलै २०२५ च्या अखेरीपासून अशा तात्पुरत्या व्हिसांच्या काही नकारपत्रांसोबत अधिकाऱ्याच्या निर्णयाच्या नोट्स आपोआप येऊ लागल्या आहेत, तेव्हा नवीन मागवण्याआधी पत्राची शेवटची पानं बघा. आपल्या भागातला नेहमीचा शेरा म्हणजे खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम. ती बऱ्याचदा उसाचं बिल असते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून रिटर्नमध्ये ते ठळक दिसत नाही, आणि अधिकाऱ्याला रक्कम हवेतून पडल्यासारखी वाटते. कारखान्याचं बिल, सातबारा, आठ-अ, दूध संस्थेची दहा दिवसांची बिलं, पतसंस्थेच्या ठेवपावत्या असं सगळं भाषांतरासह जोडलं की तोच शेरा दुसऱ्या अर्जात येत नाही. कॅनडाबाहेर दिलेल्या अशा नकाराविरुद्ध फेडरल कोर्टात जायचं तर ६० दिवस असतात.

राहता राहिले एजंटसाहेब. कॅनडाच्या कायद्याच्या कलम ९१ प्रमाणे पैसे घेऊन प्रतिनिधित्व करायला वकील किंवा इमिग्रेशन कन्सल्टंट्सच्या ‘कॉलेज’चा, म्हणजे त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेचा, परवाना असलेला माणूस लागतो. त्या परवान्याचा क्रमांक आर अक्षराने सुरू होतो आणि कॉलेजच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तुमच्या फाइलमध्ये आयएमएम ५४७६ हा प्रतिनिधी नेमल्याचा फॉर्म आहे का आणि त्यावर नाव कुणाचं आहे, ते बघा. तो फॉर्मच नसेल आणि ईमेल मात्र एजंटचा असेल, तर उद्या सकाळी पहिलं काम संपर्काचा ईमेल वेबफॉर्मने स्वतःच्या नावावर बदलून घेणं. त्याने लिहून दिलेली उत्तरं त्याच्याच टेबलावर राहू द्या.